नितळ तळ्यातला ट्राउट: ओंटॅरिओत नव्याने गळ टाकणाऱ्यांसाठी

टोरंटोहून उत्तरेला अडीच-तीन तास गाडी चालवली की मस्कोका, हॅलिबर्टन आणि पुढे अल्गॉन्किन पार्कचा पट्टा लागतो. दोन्ही बाजूंना गुलाबी-करडा खडक, पाइनची झाडी आणि वळणावळणावर एखादं तळं. पाणी इतकं नितळ की कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, वाकून पाहिलं तर दोन पुरुष खोलीवरचे दगड मोजता येतात. कॅनडात नव्याने आलेली आपली मंडळी हे पाणी पाहून म्हणतात, एवढं स्वच्छ आहे म्हणजे मासे काय भरपूर असतील! या तळ्यांत मासे आहेत, सुंदर आहेत, पण थोडे आहेत. ते थोडे का आहेत हे कळलं की कुठे गळ टाकायचा, कधी टाकायचा आणि कधी काठी आवरून घरी जायचं, हे आपोआप उमगतं. म्हणून सुरुवात सामानापासून न करता पाण्यापासून करू.

आधी तळं समजून घ्या

आपल्या गावच्या तळ्याचं पाणी हिरवट असतं, कारण त्यात शेवाळाचे सूक्ष्म कण असतात. ते कण खाऊन बारीक पाणकिडे वाढतात, त्यांच्यावर मासे. म्हणून शेततळ्यात रोहू-कटला वर्षभरात किलोच्या आसपास भरतो. कॅनेडियन शील्ड नावाच्या प्राचीन खडकाळ पट्ट्यातल्या या तळ्यांखाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आहे. तो विरघळत नाही, वरची माती वितीभर, त्यामुळे पाण्यात क्षार आणि खनिजं जवळपास उतरतच नाहीत. काळ्या कसदार रानात जे पीक येतं ते मुरमाड माळावर येत नाही, तसंच हे. इथे सगळ्यात मोठी टंचाई असते फॉस्फरसची. अशा तळ्यात एका लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी फॉस्फरस असतो.

ही टंचाई किती निर्णायक आहे ते ओंटॅरिओच्याच वायव्य कोपऱ्यात सिद्ध झालं. तिथे १९६८ पासून काही छोटी तळी फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मध्यात प्लॅस्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा नितळच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो पुढे फॉस्फरसयुक्त साबणांवर बंदी आणायला कामी आला. तेव्हा पहिला नियम इथेच लिहून ठेवा: तळ्यात भांडी घासायची नाहीत, साबण लावून अंघोळ करायची नाही, ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या साबणानेसुद्धा नाही.

आता मुद्द्याचा हिशेब. लेक ट्राउट, म्हणजे या तळ्यांच्या थंड पाण्यात राहणारा मोठा मासा, त्याच्या बाबतीत मत्स्यशास्त्रज्ञ एक ढोबळ मर्यादा धरतात: दर हेक्टरी, दर वर्षी अर्धा किलो. त्याहून जास्त काढलं तर मूळ साठा घटत जातो. समजा तळं ५० हेक्टरचं, म्हणजे साधारण सव्वाशे एकर आहे. वर्षभराचा हिस्सा झाला २५ किलो. किलोचा एक मासा धरला तर २५ मासे, सगळ्या गळकऱ्यांमध्ये मिळून, अख्ख्या वर्षासाठी. मेच्या लाँग वीकेंडला पाच कनू आल्या, प्रत्येकीत दोघे जण आणि प्रत्येकाने दोन-दोन मासे नेले, तर २० मासे तीन दिवसांत संपले.

त्यात लेक ट्राउट वाढतो अगदी सावकाश. अंडी घालण्याच्या वयाला यायला त्याला सहा-सात वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. वीस वर्षांचा मासा या तळ्यांत नवलाचा नाही. हातातला दीड किलोचा मासा तुमच्या शाळकरी मुलापेक्षा वयाने मोठा असू शकतो. ब्रूक ट्राउट, ज्याला इथले जुने लोक ‘स्पेकल’ म्हणतात, तो लवकर वयात येतो आणि पाच-सहा वर्षांत संपतो. त्याची कमतरता थोडी लवकर भरून निघते, पण त्यालाही अंडी घालायला तळातून झरा फुटणारी रेताड जागा लागते आणि अशा जागा एका तळ्यात मोजक्याच असतात.

आणखी एक गोष्ट, जी नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. पाणी नितळ आहे म्हणजे तळं निरोगी आहे, असं नसतं. जॉर्जियन बेजवळच्या किलार्नी पार्कमधली काही तळी निळ्या काचेसारखी दिसतात. सडबरीच्या धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुरातलं गंधक वर्षानुवर्षं तिथल्या डोंगरांवर पडलं, पाणी आम्लधर्मी झालं आणि एकेका तळ्यातले मासे नाहीसे झाले. टोरंटो विद्यापीठाच्या हॅरॉल्ड हार्वे आणि रिचर्ड बीमिश यांनी १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आम्लामुळे पाणी उलट जास्तच नितळ होतं. पुढे भट्ट्यांच्या धुरावर बंधनं आली आणि त्यातली बरीच तळी सावरू लागली. तेव्हा निळाई पाहून काठी उघडू नका. त्या तळ्यात कोणते मासे आहेत ते आधी तपासा.

लायसन्स, आणि आई-बाबांचा प्रश्न

१८ ते ६४ वयाच्या माणसाला ओंटॅरिओत गळ टाकायला लायसन्स लागतं. मासा पकडून लगेच सोडणार असाल तरीही लागतं. दोन प्रकार आहेत: स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. दुसरं स्वस्त असतं आणि त्यावर ठेवता येणाऱ्या माशांची संख्या कमी असते. नव्या माणसाने कॉन्झर्व्हेशनच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. या तळ्यांत त्याहून जास्त मासे नेण्याची गरज कोणालाच नसते.

देशात येऊन सहा महिने झाले नसतील, तर तुम्ही इथले रहिवासी धरले जात नाही आणि परदेशी पाहुण्याचं महाग लायसन्स घ्यावं लागतं. हाच नियम उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या आई-बाबांनाही लागू होतो. ६५ वर्षांवरच्यांना लायसन्स लागत नाही हे खरं, पण ती सवलत कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. सत्तरीच्या बाबांच्या हातात काठी द्यायची हौस असेल तर त्यांचं लायसन्स आधी काढा. वर्षातून काही ठरावीक दिवशी, जसं फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या आणि मेमधल्या मदर्स डेच्या सुट्टीत, कॅनडातल्या रहिवाशांना लायसन्सशिवाय मासेमारी करता येते. पहिल्यांदा करून बघायला ते दिवस उत्तम.

प्रांताचे वीस मत्स्य-विभाग आहेत आणि प्रत्येकाचे हंगाम, मर्यादा, आमिषाचे नियम वेगळे. अल्गॉन्किन पंधराव्या विभागात येतं. नियमांची पुस्तिका दर वर्षी निघते आणि फुकट मिळते. आपल्या विभागाचं पान तर वाचाच, पण त्यामागची अपवादांची यादीही वाचा, कारण एखाद्या छोट्या तळ्यासाठी वेगळाच नियम असतो आणि तो नेमका तिथेच लपलेला असतो. दंड झाला की ‘माहीत नव्हतं’ चालत नाही.

बंद हंगामाची कुरकुर कोणी करू नये. लेक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, तेही काठाजवळच्या दगडांवर, जिथे कोणालाही ते सहज सापडतील. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात न घालण्यामागे जो विचार आहे, तोच इथेही आहे. चढणीचे मासे ज्यांनी ओंजळीने पकडलेले पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

कोणतं तळं निवडाल?

प्रांताच्या ‘फिश ऑन-लाइन’ या नकाशावर तळ्याचं नाव टाकलं की कोणते मासे आहेत आणि मत्स्यबीज सोडलं जातं का, ते दिसतं. ओंटॅरिओत अडीच लाखांच्या आसपास तळी आहेत. लेक ट्राउट असलेली त्यांत जेमतेम एक टक्का, तरी जगातल्या अशा तळ्यांचा पाचवा-चौथा हिस्सा एकट्या या प्रांतात आहे.

पहिलं वर्षभर मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यांवर जा. तिथे रेनबो ट्राउट किंवा स्प्लेक सोडलेले असतात. स्प्लेक म्हणजे ब्रूक आणि लेक ट्राउटचा संकर. हे मासे लोकांनी पकडून खावेत यासाठीच सोडलेले असतात, त्यामुळे मनावर ओझं राहत नाही आणि हातही बसतो. ज्या तळ्यात लेक ट्राउट आपल्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, तिथे हात बसल्यावर जा.

स्मॉलमाउथ बास नावाचा मासा असलेलं तळं हाही चांगला पर्याय. अल्गॉन्किनमध्ये बास विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात माणसाने आणून सोडला. तो काठचे छोटे मासे फस्त करतो आणि लेक ट्राउटला बारीक पाणकिड्यांवर दिवस काढावे लागतात. १९९९ मध्ये ओंटॅरिओतल्या तळ्यांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं. त्यामुळे तव्यावर मासा हवाच असेल तर हंगाम उघडल्यावर बास ठेवा. फक्त जूनच्या पूर्वार्धात तो घरट्यावर असतो. नर अंड्यांवर राखण करत उभा असतो, तो हलला की पर्च नावाचे छोटे मासे काही मिनिटांत अंडी साफ करतात. नितळ पाण्यात असं वाटोळं, झाडून ठेवल्यासारखं घरटं दिसलं तर तिथून कनू बाजूला घ्या.

मासा कुठे आहे ते थर्मामीटर सांगतो

फिश फाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र) नसला तरी चालेल, पण थर्मामीटर हवा. लेक ट्राउटला दहा अंशांच्या आसपासचं पाणी आवडतं, ब्रूक ट्राउटला त्याहून जरा उबदार चालतं, पण वीसच्या वर तो कासावीस होतो.

एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला बर्फ जातो. तेव्हा वरपासून खालपर्यंत पाणी सारखंच थंड असतं आणि ट्राउट काठाला, अगदी दोन-तीन मीटर पाण्यात येतात. काठावरून गळ टाकणाऱ्याला हेच चार-पाच आठवडे. जूनपासून वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि थंड पाण्यावर तरंगत राहतं. दोघांच्या मध्ये एक पातळ थर असतो, जिथे तापमान एकदम घसरतं.

तो थर शोधायची जुनी युक्ती अशी. अर्ध्या लिटरची काचेची बाटली घ्या, तिच्या गळ्याला किलोभराचा दगड बांधा. मुख्य दोरीवर दर मीटरला गाठ मारा. तोंडाला बूच सैलसर बसवा आणि त्या बुचाला वेगळी बारीक दोरी बांधा. हवी ती गाठ पाण्याला टेकेपर्यंत बाटली सोडा, बारीक दोरीला झटका देऊन बूच काढा. बुडबुडे थांबले की बाटली भरली. भरभर वर ओढा आणि आत लगेच थर्मामीटर घाला. जुलैतल्या एखाद्या तळ्यात आकडे साधारण असे येतात: वर २३, पाच मीटरवर २१, सहावर १६, सातवर १२, आठवर ९. म्हणजे आमिष सात-आठ मीटरवर हवं. त्याच्या वर दिवसभर गळ टाकून काही हाती लागणार नाही.

मग सगळ्यात खोल जागीच का जाऊ नये? कारण तिथे प्राणवायू कमी पडू शकतो. थर बसल्यानंतर खालच्या पाण्याला वरची हवा मिळत नाही. काठावरच्या कॉटेजांच्या सेप्टिक टाक्यांतून किंवा हिरवळीच्या खतांतून फॉस्फरस झिरपला की शेवाळ वाढतं, मरून खाली बसतं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू खातं. लेक ट्राउटसाठी खालच्या पाण्यात लिटरमागे सरासरी किमान ७ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा ओंटॅरिओचा निकष आहे. उन्हाळ्याच्या शेवटी मासा वरची ऊब आणि खालची घुसमट यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात अडकतो. तो पट्टा सापडला की मासे सापडतात, म्हणून तेव्हा जास्त जपायचं. त्याबद्दल पुढे.

सामान

फार लागत नाही. सहा-साडेसहा फुटांची हलकी काठी, साधं स्पिनिंग रीळ, चार ते सहा पाउंडांची बारीक फ्लुओरोकार्बन दोरी, दोन-तीन छोटे चंदेरी स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष), एखादा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष), काही जिग (डोक्याशी वजन असलेले गळ). शिशाची वजनं घेऊ नका. तुटून पडलेलं शिसं लून पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. कथील किंवा टंगस्टनची वजनं मिळतात. पक्कड घ्या आणि गळाचा उलटा काटा घरीच दाबून सपाट करा.

लाइफ जॅकेट मात्र नुसतं कनूत ठेवू नका, अंगात घाला. मेमध्ये हवा वीस अंश असली तरी पाणी पाच-सहा अंश असतं. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत निकामी होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

गळ टाकताना

नितळ पाण्यात तुम्हाला मासा दिसत नाही, पण त्याला तुम्ही दिसता. उभं राहू नका, सूर्य पाठीशी घेऊन सावली पाण्यावर पाडू नका, कनूत वल्हं आपटू नका. पहाटेचा आणि सूर्यास्ताचा तास सोन्यासारखा. ढगाळ दिवस, पाण्यावर बारीक लाटा उठवणारा वारा, हेही चांगलं. आरशासारखं शांत पाणी फोटोला छान, गळाला वाईट.

काठावर पाण्यात पडलेले मोठे ओंडके दिसले की त्यांच्या अंगाने स्पून फिरवा. या थंड, निःसत्त्व पाण्यात पाइनचं खोड कुजायला शतकं लागतात. अल्गॉन्किनमधल्या तळ्यांतले काही ओंडके शेकडो वर्षं जुने निघाले आहेत. छोटे मासे त्यांच्या आडोशाने राहतात, मोठे त्यांच्या मागे येतात. कॅम्पफायरसाठी ते ओढून काढू नका.

जिवंत मासा आमिष म्हणून अल्गॉन्किनमध्ये नेणंच बेकायदा आहे आणि माझ्या मते कुठल्याच छोट्या तळ्यावर नेऊ नये. उरलेलं आमिष पाण्यात ओतलं की दुसऱ्या तळ्याचा मासा इथे वस्तीला येतो. दुकानातली गांडुळं चालतात, पण उरलेली माती-गांडुळं तळ्याच्या काठी फेकू नका. उत्तरेच्या या रानात गांडूळ मुळात नव्हतंच, ते पाचोळ्याचा थर खाऊन जमीन बदलून टाकतं.

लागला! आता ठेवायचा की सोडायचा?

हे आधीच ठरवलेलं असावं. ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर ठोका देऊन मारा आणि बर्फात ठेवा. सोडायचा असेल तर हात ओले करा, मासा पाण्यातच धरा, पकडीने गळ फिरवून काढा, कल्ल्यांत बोट घालू नका. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. फोटो हवा तर एकच, आणि एका श्वासात.

पण सोडणं नेहमीच पुण्याचं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये नऊ अंशांच्या पाण्यातला लेक ट्राउट २३ अंशांच्या पाण्यातून वर ओढला की तो दमलेला असतोच, त्यात उष्णतेने भाजून निघतो. पोहत खाली गेलेला दिसला म्हणजे वाचला असं नाही. म्हणून भर उन्हाळ्यात ‘पकडा-सोडा, पकडा-सोडा’ करत दिवसभर बसू नये. एक मासा ठेवायचा असेल तर ठेवा, आणि मग बाससाठी उथळ पाण्यावर जा.

ठेवताना मोठा सोडून मध्यम ठेवा. मोठ्या मादीत अंडी जास्त असतात. शिवाय मोठ्या माशात पारा जास्त साठलेला असतो, आणि या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्याच्या तळ्यांत तो प्रश्न अधिक आहे. प्रांताची मासे खाण्याविषयीची मार्गदर्शिका तळ्यानुसार आणि माशाच्या लांबीनुसार महिन्याला किती वेळा खावा ते सांगते. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळे, कडक आकडे आहेत. ते पाहिल्याशिवाय घरात वाढू नका.

आपल्या सवयीचा एक धोका: तळ्यावरच मासा सोलून, तुकड्या पाडून, मीठ-हळद लावून डब्यात भरणं. कायद्याने मासा कोणता आणि किती, हे तपासणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. म्हणून पोट साफ करा, पण घरी पोचेपर्यंत मासा अख्खा ठेवा, किंवा फिले केलं, म्हणजे काट्यावेगळे काप काढले, तर कातडी ठेवा. घरच्या फ्रीजरमधले मासेही तुमच्या मर्यादेत मोजले जातात.

पोट साफ करताना जठर कापून बघा. आत छोटे मासे निघाले तर त्या ट्राउटला बरं खायला मिळत होतं. नुसता बारीक पाणकिड्यांचा गुलाबी-करडा लगदा निघाला तर तिथले मासे वय वाढूनही छोटेच राहतात, आणि पुढच्या वेळी आमिष त्याच मापाचं, अगदी लहान घ्या.

निघताना

दोरी गुंडाळताना काठीच्या टोकाशी ओल्या कापसासारखा, काळे ठिपके असलेला गोळा जमला असेल तर तो काटेरी पाणपिसू आहे. युरोप-आशियातून जहाजांच्या पाण्यातून आलेला हा जीव मस्कोका-हॅलिबर्टनच्या अनेक तळ्यांत पोचला आहे. तो ट्राउटच्या पिल्लांचं अन्न खातो, आणि ज्या तळ्यात मुळात अन्न थोडं, तिथे फटका मोठा बसतो. तो गोळा पुसून कोरड्या जमिनीवर टाका. कनू उलटी करून पाणी त्याच काठावर ओता, दोरी, जाळी, बूट, ती बाटली आणि तिची दोरी, सगळं उन्हात कडक वाळवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तळ्यावर जायचं असेल आणि वाळवायला वेळ नसेल, तर त्याच तळ्यावर परत जा.